‘मुचाचो’ म्हटलं तर एवढं काय झालं?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारा एकोणतीस वर्षांचा, मूळचा पुण्याचा, दीड वर्षापासून नोकरीसाठी मनिलात, बायकोसोबत तिथल्याच मकाती भागात एका कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटमध्ये राहतो. पुण्यात असताना हौसेने स्पॅनिशच्या तीन लेव्हल केल्या होत्या, फिलिपिन्समध्ये जिकडेतिकडे स्पॅनिश शब्द ऐकू यायला लागल्यावर त्याला फार भारी वाटलं. बिल्डिंगमध्ये पिण्याच्या पाण्याचे जार वर आणून देणारा, नळ, बल्ब वगैरे बघणारा चोवीस-पंचवीस वर्षांचा एक मुलगा आहे. त्याला हा रोज सकाळी ‘ओला, मुचाचो!’ अशी हाक मारायचा, तो हसून ‘गुड मॉर्निंग सर’ म्हणायचा. चार महिने असंच चाललं. मग बिल्डिंगच्या ख्रिसमस पार्टीत त्या मुलाची आई आणि बहीण आल्या होत्या, तिथे आपल्या एका पाहुण्याशी ओळख करून देताना हा म्हणाला, ‘हा माझा मुचाचो’. आजूबाजूचे सगळे एकदम गप्प झाले. त्या दिवसापासून तो मुलगा वर येत नाही, जार दुसऱ्याच्या हातून पाठवतो, लिफ्टमध्ये भेटला तर खाली बघतो. ऑफिसातल्या एका फिलिपिनो मैत्रिणीने सांगितलं की तिकडे या शब्दाचा अर्थ नोकर असा होतो. बायको म्हणते माफी माग. पुण्यातला मित्र म्हणतो लोक आजकाल कशाचाही इश्यू करतात. पत्रलेखक म्हणतो, ‘ताई, स्पॅनिशमध्ये मुचाचो म्हणजे तरुण मुलगा, डिक्शनरीत बघा. शब्द त्यांनी चुकीचा उचलला तर सॉरी मी का म्हणू? आणि म्हणायचंच असेल तर कसं? एखादं गिफ्ट किंवा थोडे पैसे दिले तर बरं दिसेल का?’

अरे, पत्राच्या पहिल्याच ओळीत तू मला ताई म्हणालास त्यामुळे मी तुला अरेतुरेच करणार आहे, तेवढा हक्क तू दिलायस असं धरून चालते. हे आधीच सांगून टाकते कारण पुढचा सगळा मामला कोण कोणाला काय म्हणतं याचाच आहे.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तुझी बाजू बऱ्यापैकी पटली बरं का. परक्या देशात गेल्यावर दोन शब्द ओळखीचे सापडले की माणूस तेच धरून बसतो, मी पण अशीच आहे, आणि तुझ्या मनात खोट नव्हती हे पत्रावरून दिसतंच. मग दुसऱ्यांदा वाचलं, आणि तेव्हा दोन-तीन गोष्टी खटकल्या, त्यातली सगळ्यात मोठी मी जरा उशिरा सांगणार आहे. आधी डिक्शनरीचं बघू, कारण तू सगळा भार तिच्यावर टाकलायस.

मुचाचोचं मूळ गमतीचं आहे. आधी तो मोचाचो होता, आणि तो मोचो या शब्दावरून आला असं साधारण मानलं जातं. मोचो म्हणजे टोक छाटलेलं, भादरलेलं. लहान पोरांचे केस बारीक कापायचे त्यावरून पडलेलं नाव, म्हणजे आपल्याकडे एखाद्या पोराला ‘ए बोडक्या’ म्हणावं तशातला प्रकार. पुढे त्याचा अर्थ पोरगा, तरुण असा झाला. इथपर्यंत तुझं बरोबर. पण तू डिक्शनरी बघितलीस ती बहुतेक पहिल्या ओळीपुरती, कारण रॉयल स्पॅनिश अकादमीच्या शब्दकोशात याच शब्दाखाली थोडं खाली गेलं की घरकामाला ठेवलेला माणूस हा अर्थ पण दिलेला आहे. मेक्सिकोत आजही ‘ला मुचाचा’ म्हटलं की बऱ्याच घरांत ती कामवाली असते, मग ती पंचावन्न वर्षांची का असेना, आणि तिकडे घरकाम करणाऱ्या बायकांनी आम्हाला असं म्हणू नका, घरकामगार म्हणा, असं कितीतरी वर्षं लावून धरलंय. म्हणजे नोकर हा अर्थ काही फिलिपिनो लोकांनी घोटाळा करून काढलेला नाही, तो बोटीतूनच आला होता.

आणि बोट आली ती पण मेक्सिकोमार्गे. १५६५ मध्ये स्पॅनिश लोक फिलिपिन्समधल्या सेबू बेटावर उतरले, १५७१ मध्ये मनिला घेतली आणि पुढे १८९८ पर्यंत तिथे राहिले. त्यातली पहिली अडीचशे वर्षं मेक्सिकोतलं आकापुल्को बंदर ते मनिला अशी गलबतं चालायची, ती १८१५ मध्ये थांबली, आणि तोपर्यंतचा सगळा कारभार मेक्सिकोतून हाकला जायचा. आता तूच विचार कर, तागालोग या मनिलाकडच्या भाषेत तरुण, लग्न न झालेल्या मुलाला स्वतःचा चांगला शब्द आहे, बिनाता. तो इतका घट्ट आहे की त्याला स्पॅनिश शेपूट लावून बिनातिल्यो केलंय लोकांनी, म्हणजे मिसरूड फुटत असलेला पोरगा. मग तरुण मुलासाठी हाताशी शब्द असताना मुचाचो घ्यायची गरज कोणाला होती? कोणालाच नव्हती. मुचाचो आला तो हाक म्हणून. मालकाने मारलेली हाक, आणि ज्याला मारली त्याच्या कानाने ती ऐकली. मालकाच्या तोंडात तो ‘अरे पोरा’ असेल, ऐकणाऱ्याला कळलं ते हे की असं म्हटलं की आपण उठून उभं राहायचं असतं. तागालोगमध्ये तो मुत्सात्सो झाला, बाईमाणूस असेल तर मुत्सात्सा, आणि अर्थ उरला फक्त नोकर. पोरगेपण गळून गेलं. आता तर तो शब्द नुसता नोकर असा पण नाही, हिणवून म्हणायचा नोकर असा आहे. ‘मी काय तुझी मुत्सात्सा आहे का’ हे तिकडे भांडणात म्हणतात, आपल्याकडे ‘मी काय तुझी मोलकरीण आहे का’ म्हणतात तसंच.

तुझा मुद्दा असा की त्यांनी शब्द चुकीचा उचलला. पण उचललेला शब्द परत तपासायला पाठवत नाहीत रे. तू दीड वर्ष मनिलात आहेस, सिगुरो शब्द रोज कानावर पडत असणार. स्पॅनिशमध्ये सेगुरो म्हणजे खात्रीने. तागालोगमध्ये सिगुरो म्हणजे कदाचित! अगदी उलटा अर्थ. प्लंबर तुला ‘उद्या, सिगुरो’ म्हणाला आणि तू तुझं स्पॅनिश लावून घरी वाट बघत बसलास तर चूक कोणाची? स्पॅनिश सिएम्प्रे म्हणजे नेहमी, तिकडे स्येम्प्रे म्हणजे ‘अर्थातच’. हे सगळे शब्द तिथे चारशे वर्षं राहिलेत, तिथलेच झालेत.

आणि हे आपल्याला कळायला मनिलाला जायला नको. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, तिकडे शिक्षा मंत्री असतो. मराठीत शिक्षा म्हणजे काय ते शाळेत अंगठे धरून उभ्या राहिलेल्या कोणालाही विचार. हिंदीत चेष्टा करतात म्हणजे प्रयत्न करतात. उद्या कोणी उत्तरेकडचे गृहस्थ तुमच्या घरी येऊन तुझ्या आईला म्हणाले की मी मुलांना शिक्षा देण्याची चेष्टा करतो, तर हसून सोडून देऊ आपण. पण समजा त्यांनी वर हे ऐकवलं की संस्कृतमध्ये शिक्षा म्हणजे शिकणंच, तुम्ही मराठी लोकांनी शब्द बिघडवलाय, तर? तेव्हा तुझी आई काय म्हणेल ते तू मला लिहून पाठव.

बरं, हसून सोडून देण्यासारखं तुझं प्रकरण का नाही ते आता बोलते. मी उशिरा सांगणार म्हटलं होतं ती गोष्ट हीच.

तुझं पत्र जवळजवळ दोन पानांचं आहे. त्यात तुझ्या कॉन्डोचा मजला आहे, स्पॅनिशच्या कुठल्या लेव्हलला किती मार्क मिळाले ते आहे, पार्टीत लेचोन, म्हणजे अख्खं भाजलेलं डुक्कर होतं ते आहे. त्या मुलाचं नाव नाही. तू गुप्ततेसाठी गाळलंस असंही असेल, पण मला तसं वाटत नाही, कारण तू बायकोचं नाव लिहिलंयस, मित्राचं लिहिलंयस, ऑफिसातल्या मैत्रिणीचं पण लिहिलंयस (ती सगळी मी काढली). ‘तो मुलगा’, ‘तो पाणीवाला’, ‘मुचाचो’, एवढंच आहे त्याच्याबद्दल. चार महिने रोज सकाळी भेटत होतास. रागावून विचारत नाहीये, पण तुला त्याचं नाव माहिती आहे का?

दुसरी गोष्ट, तुझ्या टीममध्ये चोवीस-पंचवीसचे ॲनालिस्ट असतीलच की दोन-चार, पोरसवदा, हसरे. त्यातल्या कोणाला तू कधी ‘ओला मुचाचो’ म्हणालास का? तुझ्या बॉसचा कॉलेजात जाणारा मुलगा ऑफिसात आला तर त्याला म्हणशील? शब्दाचा अर्थ तुझ्या डोक्यात खरंच फक्त ‘तरुण मुलगा’ एवढाच असता तर तो या सगळ्यांना चालला असता. तुझ्या जिभेने तो बरोब्बर जार उचलणाऱ्यासाठीच राखून ठेवला. म्हणजे तागालोग न शिकता तुला तागालोगमधला अर्थ येत होता म्हणायचा. हे तुला टोचेल, पण मी तुला वाईट माणूस म्हणत नाहीये, जिभेला सवयी असतात आणि त्या आपण कुठून घेऊन जातो त्यावर पुढे येतेच.

तिसरं, ‘माझा’. ‘हा मुचाचो’ आणि ‘हा माझा मुचाचो’ यात फार फरक आहे. तो मुलगा बिल्डिंगच्या नोकरीत आहे, त्याचा पगार तू देत नाहीस, तो तुझ्या घरचा नाही. पार्टीला तो कामावर नव्हता, आईला घेऊन पाहुणा म्हणून आला होता, कपडे पण चांगले घातले असतील. आणि त्या माऊलीसमोर तू सगळ्यांना सांगितलंस की हा माझा घरगडी. तुझ्या मनात होतं ‘हा माझा दोस्त’. मग दोस्त म्हणायला काय हरकत होती, तिकडे पारे म्हणतात, तो पण मूळचा स्पॅनिशच आहे, कोम्पाद्रेवरून आलेला, तुझी हौसही भागली असती.

चार महिने हसत होता मग तेव्हा का नाही बोलला, असं तू विचारलंयस. अरे, तो ‘सर’ म्हणत होता ना तुला. सर म्हणणाऱ्याने बोलायचं कसं? ज्याच्या तक्रारीवर नोकरी हलू शकते त्याच्यासमोर माणूस हसतोच. ते हसू म्हणजे परवानगी असं आपण धरून चालतो, नवरे धरतात, साहेब धरतात, सासवा धरतात. एकट्यात ऐकून घेतलं, आईसमोर नाही सहन झालं, एवढाच हिशोब आहे त्याचा.

पुण्यातला तुझा मित्र म्हणतो लोक कशाचाही इश्यू करतात. त्याला एक गोष्ट सांग. अमेरिकेत अलाबामात एका कारखान्यात गोरा मॅनेजर काळ्या कामगारांना ‘बॉय’ म्हणायचा. मोठी बापे माणसं. केस झाली. खालच्या कोर्टाचं म्हणणं की नुसतं बॉय म्हटलं, पुढे-मागे रंगाचा उल्लेख नाही, तर त्यात भेदभाव कसा धरायचा. २००६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असं नसतं, शब्द एकटा सुटा बघायचा नाही, तो कुठल्या संदर्भात आला, आवाजाचा सूर काय होता, त्या गावची रीत काय, आणि तो शब्द तिथे पूर्वीपासून कसा वापरला गेलाय, हे सगळं मिळून अर्थ ठरतो. हे वाचून मला वाटलं की आपल्या आज्या हेच चुलीपाशी बसून सांगायच्या, शब्द नको बघू सूर बघ. फरक एवढाच की कोर्टाने गावची रीत आणि इतिहास पण मोजला.

पोरगा म्हणजे नोकर हे काही एकट्या स्पेनचं पाप नाही. रोमन लोक गुलामाला ‘पुएर’ म्हणायचे, म्हणजे मुलगा, मग त्याचे केस पांढरे झाले तरी. ग्रीकांचं तेच. फ्रेंच लोक वेटरला गार्सों म्हणजे पोरा अशी हाक मारायचे, आता तिकडे तशी हाक मारली तर असभ्य समजतात. इंग्रजीतला नेव्ह म्हणजे आधी साधा पोरगा, मग नोकर, मग बदमाश, आणि त्याच इंग्रजीत नाइट (knight) पण आधी पोरगाच होता पण त्याला घोडा मिळाला आणि तो सरदार झाला. घोडा मिळणं न मिळणं हा नशिबाचा भाग.

आणि आपण? आपला पोऱ्या आठव. पोर या शब्दाला एक ‘या’ लावला की तो चहाच्या टपरीवर कपबशा विसळायला लागतो. स्वतःच्या मुलाला कोणी लाडाने पोऱ्या म्हणत असेल तर म्हणो बापडा, पण ‘ए पोऱ्या, दोन कटिंग’ यातला पोऱ्या आपल्या घरातला नसतो. छोटू, बारक्या, ऑफिस बॉय, वॉर्डबॉय, डिलिव्हरी बॉय. आमच्या इथे कुरिअर आणणारा डिलिव्हरी बॉय पन्नाशीचा आहे, त्याची मुलगी इंजिनिअरिंगला आहे.

गडी हा शब्द तर माझा दुखरा आहे. आजोळी साताऱ्याकडे एक गडी होते, मी जन्मायच्या आधीपासून. आम्ही मुलं त्यांना गडीमामा म्हणायचो आणि आम्हाला वाटायचं किती प्रेमाने म्हणतो आपण. मी अकरा-बारा वर्षांची असेन, त्यांना गावी मनिऑर्डर करायची होती, पोस्टात मला घेऊन गेले कारण मला लिहिता येत होतं. फॉर्मवर पाठवणाराचं नाव अशी जागा होती. मी पेन घेऊन बसले आणि मला पुढे काही सुचेना. मामा पण माझ्याकडे बघायला लागले. मग त्यांनीच हळू आवाजात सांगितलं, पूर्ण नाव, वडिलांचं, आडनाव. किती छान नाव होतं. ते घरी येऊन मी कोणाला सांगितलं नाही, आणि खरं सांगू का, दुसऱ्या दिवसापासून परत गडीमामाच म्हणायला लागले. तेव्हा तुला मी ज्या बाकावर बसवतेय त्याच बाकावर मी पण बसलेली आहे.

याच गडी शब्दावरून मला फिलिपिन्समधलं एक फार आवडतं. तिकडे घरकाम करणाऱ्यांसाठी २०१३ मध्ये कायदा आला, आणि कायद्यात शब्द कुठला घातला तर कासाम्बाहाय. कासामा म्हणजे सोबती, बाहाय म्हणजे घर. घरातला सोबती. मुत्सात्सा, आत्साय, त्सिमाय असे हिणवायचे शब्द ढीगभर असताना त्यांनी मुद्दाम हा शब्द पुढे आणला. आणि नुसतं गोड नाव देऊन थांबले नाहीत, लेखी करार, पंधरा वर्षांखाली कोणाला ठेवायचं नाही, रोज एकूण आठ तास विश्रांती, आठवड्याला एक पूर्ण दिवस सुट्टी, तेरावा पगार, सरकारी विम्यात नाव, आणि माणसाची अप्रतिष्ठा होईल असं वागायचं नाही हे पण कायद्यातच लिहिलं. आता आपला गडी बघ. त्याच शब्दात सवंगडी आहे, खेळगडी आहे, आणि घरगडी पण आहे. म्हणजे त्यांनी नोकर शब्द टाकून सोबती शब्द आणला, आणि आपल्याकडे सोबत्याचा शब्द होताच पण आपण तो अंगण झाडायला लावला. महाराष्ट्रात पण २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झालाय, पण रोजच्या बोलण्यात अजून ‘आमची बाई आली नाही आज’ हेच चालू आहे. आमची. तुझ्या ‘माझा’ची थोरली बहीण.

असो. आता काय करायचं.

काहीच करायचं नाही, हा एक मार्ग आहेच, आणि तुला मनातून तोच हवाय असं मला वाटतं. तो काही अगदी टाकाऊ नाही, कधीकधी लोकांना विषय परत निघायलाच नको असतो. पण तू त्याच बिल्डिंगमध्ये राहतोस, जारचं ओझं आता दुसऱ्या कोणावर पडलंय, आणि गप्प राहिलास तर त्याच्या आईच्या डोक्यात तू कायमचा तसाच राहशील. हे तुला चालणार असेल तर प्रश्नच मिटला. चालत नाही म्हणूनच पत्र लिहिलंस ना?

दुसरा मार्ग म्हणजे समजावून सांगणं, की स्पॅनिशमध्ये अमुक अर्थ, माझा हेतू तमुक. हा मार्ग तुला सगळ्यात जास्त मोहात पाडणार आणि हाच सगळ्यात वाईट आहे. ज्या लोकांवर स्पेनने तीन-सव्वातीनशे वर्षं राज्य केलं त्यांच्यातल्या एकाला, त्याच्याच बिल्डिंगच्या लॉबीत, एक पुणेकर स्पॅनिशचा खरा अर्थ शिकवतोय, हे चित्र डोळ्यासमोर आण फक्त. (पुणेकर म्हणून मी हसून घेतलं, मी पण पुण्यातच राहते.)

तेव्हा माफी माग, पण छोटी. आधी नाव शोध. लॉबीतल्या गार्डला विचारलं तर तो सांगेल, नाहीतर शेवटी त्या मुलालाच विचार, ‘आनो पो आंग पांगालान निन्यो’, यातला पो म्हणजे आपला ‘जी’ समज, तो घातला की वाक्य हात जोडल्यासारखं होतं. चार महिन्यांनी नाव विचारायची लाज वाटेल, वाटू दे. मग तो एकटा असताना, घाईत नसताना, नाव घेऊन म्हण, ‘पासेन्स्या ना’, पार्टीत मी जे बोललो ते चुकीचं होतं, तुझ्या आईसमोर बोललो त्याचं जास्त वाईट वाटतंय. संपलं. ‘पण’ आणू नकोस. ‘मला माहीत नव्हतं’ हे खरं आहे तरी पहिल्या भेटीत नको, कारण ते म्हटलं की लगेच समोरच्याला ‘इट्स ओके सर’ म्हणावं लागतं, म्हणजे माफी तू मागायची आणि सांत्वन त्याने करायचं. त्याने विचारलंच तर सांग, तेव्हा सांगायला काही हरकत नाही.

तुझ्या स्पॅनिशची हौस इथे भागेल बघ. पासेन्स्या हा मूळचा पासिएन्सिया, स्पॅनिशमध्ये धीर, सबुरी. फिलिपिन्समध्ये तोच शब्द माफी मागायला वापरतात. थोडी सबुरी धरा माझ्याबाबतीत, असं काहीतरी त्यात दडलेलं आहे म्हण हवं तर.

सगळ्यांसमोर बोललास ते सगळ्यांसमोर थोडं तरी दुरुस्त व्हायला हवं, पण म्हणून बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माफीनामा टाकू नकोस, त्याचं नाव परत चव्हाट्यावर येईल. त्या दिवशी जो पाहुणा होता त्याला फोन करून सांग की मी चुकीचा शब्द वापरला, त्याचं नाव अमुक, तो आमच्या बिल्डिंगचं काम बघतो. आई परत कधी दिसली तर नमस्कार कर आणि मुलाचं नाव घेऊन त्याच्याबद्दल एक खरं चांगलं वाक्य बोल. खोटं कौतुक नको, आयांना कळतं.

पैशांचं विचारलंस. माफीसोबत पैसे अजिबात नाही. तू त्याला नोकर म्हणालास ही तक्रार आहे आणि तू वर बक्षिसी देणार, म्हणजे शिक्कामोर्तबच झालं. ख्रिसमसला तिकडे आगिनाल्दो द्यायची पद्धत आहे, आपल्या दिवाळीच्या पोस्तासारखी, ती पुढच्या डिसेंबरला गार्डला, लिफ्टवाल्याला देशील तशीच त्याला पण दे, कमी नाही जास्त नाही.

आणि एवढं करूनही तो वर आला नाही तर? येऊ नये त्याला वाटलं तर तो त्याचा हक्क आहे. तू माफी मागितलीस म्हणून त्याने पूर्ववत हसलंच पाहिजे असा काही नियम नाही. दुसऱ्याच्या हातून जार आला तर त्या दुसऱ्याचं नाव विचार.

हे मी एकट्या तुलाच सांगत नाहीये. फिलिपिन्समध्येच दावाओ शहरात मेडिकलला गेलेली आपली पुष्कळ मुलं आहेत, दुबई-दोहाला ऑफिसात, हॉस्पिटलात फिलिपिनो लोकांच्या शेजारी काम करणारे मराठी लोक तर विचारूच नका, आणि या सगळ्यांना कधी ना कधी दोन स्पॅनिश शब्द फेकायचा मोह होतोच. हाक मारायची तर कुया म्हणा, म्हणजे दादा, बाई असेल तर आते, म्हणजे ताई (आपली आत्या नाही, घोटाळा करू नका). ड्रायव्हरला, गार्डला, दुकानातल्या माणसाला तिकडचे लोक स्वतः हेच म्हणतात, आपण रिक्षावाल्याला दादा आणि भाजीवालीला मावशी म्हणतो तसंच. आपल्यापेक्षा लहान असला तरी कुया चालतं, पण रोजची ओळख असेल तर नावच बरं. पिक्चरमध्ये ऐकलेली हाक, गाण्यात ऐकलेली हाक, ॲपवर शिकलेली हाक, ही आधी तिथल्याच एखाद्या मित्राला म्हणून दाखवा आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघा. चेहरा डिक्शनरीपेक्षा लवकर उत्तर देतो. आणि एखादा माणूस आपल्याला सर म्हणत असेल तर त्याच्याशी लाडाने बोलताना दुप्पट जपून, कारण तो तुम्हाला उलट लाडाने बोलू शकत नाही. बोलू शकत असेल, म्हणजे तुम्ही मुचाचो म्हणालात आणि तो पण तुम्हाला हसत मुचाचो म्हणाला, तर मग खुशाल चालू ठेवा.

तुझ्या बायकोला माझा नमस्कार सांग, तिचं बरोबर होतं. मित्राला ही सगळी भानगड समजवायच्या फंदात पडू नकोस, तो पुण्यात सुखी आहे.

आणि स्पॅनिश सोडू नकोस रे. इतकी वर्षं घालवलीस, तिसऱ्या लेव्हलपर्यंत गेलास, त्यात वाईट काही नाही. फक्त तागालोगची एक वही पण घाल, निदान आधी हाका शिक. आणि तो परत वर आलाच कधी, तर बोलायच्या आधी दार नीट धर, जार वीस लिटरचा असतो.